टाकीच्या झाकणावरचं कुंकू

डॉक्टर, तुमची फटफटी परवा निपाणीला पोचवली. तुमच्या पुतण्याच्या नव्या दवाखान्याच्या दारात उभी केली, हत्यारांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि सर्व्हिस मोटारीनं परत आलो. पोचली एकदाची. पण कशी पोचली ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि सांगावं तर तुम्ही नाही.

महिना झाला तुम्हाला जाऊन. खासबागेतला दवाखाना मी अजून रोज सकाळी उघडतो. बाटल्या पुसतो, तुमच्या खुर्चीवरची धूळ झटकतो, पुन्हा कुलूप लावतो आणि घरी जातो. तुमच्या घरच्या वयनी म्हणतात, यल्लाप्पा, कशाला रोज हेलपाटा घालता? मी म्हणतो, सवय. दुसरं काय सांगू त्यांना?

तुमच्यावर पेपरात चार ओळी आल्या होत्या. गरिबांचे डॉक्टर, मनमिळाऊ, अमुक आणि तमुक. खोटं नाही त्यात काही, पण वाचून मला तुमची आठवणच आली नाही. मनमिळाऊ म्हणे. सकाळचा चहा जरा गार झाला तर तोंड केवढं व्हायचं ते मला विचारा म्हणावं. मी तुमची स्तुती करायला बसलेलोच नाही. अठरा वर्षं तुमचा कंपाउंडर होतो, त्यातली बारा वर्षं तुमच्यावर एक राग धरून होतो. तो तुम्हाला ठाऊक होता. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात, म्हणून लिहितोय.

आधी तुमचा टांगा होता आणि त्याला पाखऱ्या घोडा. पाखऱ्या शहाणा. कुठल्या पेशंटकडं जायचं ते त्याला आपल्या आधी कळायचं. मग तुमच्या डोक्यात वारं शिरलं. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला निघाला होता, त्याची फटफटी तुम्ही घेतलीत आणि पाखऱ्याला हलगा गावच्या माणसाला विकलात. मी चार दिवस तुमच्याशी धड बोललो नव्हतो. फटफटी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा माग थांबवून विणकर बाहेर आले. एक म्हातारी म्हणाली, "डॉक्टरनं भूत बांधून आणलंय की रं." मला तिचं पटलं होतं.

तरी शिकवलंत तुम्हीच. गाडी सुरू झाली नाही की मी किकवर लाथा हाणत सुटायचो. तुम्ही बाजूला उभे राहून म्हणायचात, "यल्लाप्पा, आजारी माणसाला असाच मारतोस का? आधी तपास." मग तुमची ती तपासणी. आधी नाडी, मग जीभ, मग पोट. नाडी म्हणजे ठिणगी. प्लग काढायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, किक मारून निळी ठिणगी पडते का बघायचं. जीभ म्हणजे प्लगचं टोक. काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडं असेल तर जातच नाही. पोट म्हणजे टाकी. झाकण उघडून आत डोकवायचं, मग नळी काढून फुंकायची. "सगळ्यात शेवटी पोट," तुम्ही म्हणायचात, "कारण उपाशी आहे का हे माणूस आपण होऊन सांगतो." फटफटी काही सांगत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पहिलीच खंडेनवमी आली तिची. दवाखान्यातली खंडेनवमी दर वर्षी माझ्याकडं असायची. औषधाचा तराजू, खल, कात्र्या, तुमची छातीला लावायची नळी, सगळं पाटावर मांडून मी गंध-फूल वाहायचो. तुम्ही दारात उभे राहून हात जोडायचात, पण डोळे पेढ्यांवर. तुमचा देवावर विश्वास नव्हता, प्रसादावर होता. त्या वर्षी पाखऱ्याच्या जागी फटफटी उभी. आता घोड्याचं कपाळ कुठं ते मला ठाऊक होतं. फटफटीचं कपाळ कुठलं? दिव्याच्या काचेवर कुंकू लावलं तर उजेड कमी पडेल. चाकावर लावलं तर चिखलात जाईल. मग टाकीवर नजर गेली. वर मधोमध पितळेचं गोल झाकण, चकचकीत. मी म्हटलं, हेच कपाळ.

आणि वाऱ्यानं कुंकू उडून जाईल म्हणून मी काय केलं? आईच्या डबीतलं मेण आणलं होतं. बायका कपाळाला आधी मेण लावतात आणि वर कुंकू टेकवतात, दिवसभर हलत नाही. तसं मी झाकणावर मेण चांगलं अंगठ्यानं दाबून बसवलं, रुपयाएवढं, आणि वर कुंकू. हँडलला झेंडूची माळ. टाकी गळ्यापर्यंत भरली, कारण सणाला कुणाला उपाशी ठेवायचं नसतं. तुम्ही बघून हसलात. म्हणालात, "सवाष्ण दिसते रे." त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आता वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी बाराच्या सुमाराला बेळगुंदीहून शेवंताचा दीर सायकल हाणत आला. शेवंता माझी धाकटी बहीण, तिथं दिलेली. दुसरं बाळंतपण. पोर झालं होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं, सुईण हात टेकून बसली होती. एवढं सांगून तो तसाच येळ्ळूरला आमच्या आईला कळवायला गेला. तुम्ही ताटावरून उठलात. हातसुद्धा धड धुतला नाहीत. मला मागं बसवलंत, बॅग माझ्या मांडीवर. एका लाथेत गाडी सुरू झाली आणि मी मनात त्या भुताची माफी मागितली.

आठ-नऊ मैलांची वाट. पाऊण तासात पोचलो असतो. गाव सोडून मैलभर गेलो आणि ती खोकली, दोनदा आचके दिले आणि थांबली. तुम्ही म्हणालात, "उतर." नाडी बघितली, ठिणगी निळी. जीभ बघितली, कोरडी. मग झाकण उघडलं, पेट्रोल काठोकाठ. नळी काढून फुंकलीत, झाकण लावलंत, किक मारलीत आणि ती लगेच सुरू. "कचरा अडकला होता, गेला," तुम्ही म्हणालात. मी देवाला नमस्कार केला. मैलभरावर पुन्हा तेच. या खेपेला तुम्ही कार्बोरेटर उघडलात. माझा पटका रस्त्यावर पसरला आणि त्यावर एकेक स्क्रू मांडलात. सगळं पुसून बसवलं, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, सुरू झाली. मग पुन्हा थांबली. मग पुन्हा.

पहिल्याच मैलाला पुरती मेली असती तर आपण तिला बांधावर टाकून चालत सुटलो असतो, डॉक्टर. दोन-अडीच तासांत पोचलो असतो. पण ती दर वेळी जिवंत व्हायची. दर वेळी वाटायचं, झालं, आता बरी झाली. पाचव्या खेपेला तुम्ही पाना फेकून दिलात, माझ्या हातातली बॅग घेतलीत आणि भाताच्या शेतांमधून पळत सुटलात. पन्नाशीला आलेला माणूस, पायात बूट, कोट घातलेला. मी मागून पळत होतो आणि रडत होतो.

शेवंता गार झाली होती. आपण जायच्या थोडंच आधी गेली म्हणाले. शेजारी सुपात पोर होतं, मुलगी, मुठी वळून झोपलेली.

तुम्ही अंगणात दगडावर बसलात. मी तुमच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "येळंवर आलो असतो तर वाचली असती काय? खरं सांगा." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तिचं आयुष्यच तेवढं, देवाची मर्जी. तुम्ही म्हणालात, "हो. तासभर आधी आलो असतो तर वाचवली असती." खोटं बोलायचं नाही ही तुमची खोड. त्या खोडीनं मला तोडून टाकलं.

दिवस-कार्य उरकून बारा-तेरा दिवसांनी दवाखान्यात आलो. फटफटी दारात उभी होती, धुऊन पुसून लख्ख. माळ नाही, कुंकू नाही. मी विचारलं, "काय झालतं हिला?" तुम्ही औषधाच्या कपाटाकडं तोंड करून म्हणालात, "कचरा होता. काढला." मी म्हणालो, "कचऱ्यापायी माझी भण गेली व्हय?" मग माझी जीभ सुटली. घोडा होता तर घोडा विकलात, म्हणालो. गोऱ्याचं भंगार हौसेनं दारात आणलंत, म्हणालो. तुमच्या हौसेनं माझी शेवंता मारली, म्हणालो. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, सगळे ऐकत होते. तुम्ही तेवढंच म्हणालात, "खरं आहे, यल्लाप्पा."

दुसऱ्या कुणी मला कामावरून काढलं असतं. तुम्ही काढलं नाहीत. मीही गेलो नाही. का गेलो नाही? आईला वाटायचं, पगारासाठी. तसं नव्हतं. तुमच्या डोळ्यांसमोर राहावं, मला रोज बघून तुम्हाला रोज आठवावं, असं माझ्या मनात होतं. आता लाज वाटते सांगायला, पण होतं.

पुढची खंडेनवमी आली. मी हट्टानं फटफटीची पूजा केली, तशीच, मेण आणि कुंकू, झाकणावर. राग तुमच्यावर, देवावर नव्हता. पेढा खाऊन मी आत वळलो आणि बघतो तर तुम्ही पेट्रोलात भिजवलेली चिंधी घेऊन ते कुंकू पुसताय. पुसून झाल्यावर पिशवीतून इंजेक्शनची जुनी सुई काढलीत आणि त्या झाकणाला कुठंतरी टोचत बसलात. माझं डोकं भणाणलं. "तुम्ही देव मानत न्हाय तर नका मानू. माझी पूजा पुसायला तुमाला कुणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "यल्लाप्पा, हँडलवर लाव, चाकावर लाव, माझ्या टकलावर लाव. टाकीवर नको." "का नको?" "नको म्हणजे नको." आणि मी म्हणालो, "मग तर टाकीवरच लावणार."

दर वर्षी हेच. मी लावायचो, तुम्ही पुसायचात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आपण बोलायचो नाही. मला वाटायचं, तुमची नास्तिकाची खुमखुमी आहे. ती बोथट सुई पिशवीच्या झडपेला खोचलेली असायची. मी एकदा विचारलं, हिचं काय काम? तुम्ही म्हणालात, "असू दे, लागते." एवढं साधं मला कळलं नाही. अठरा वर्षं औषधाच्या बाटल्यांना बुचं लावणारा माणूस मी. बूच घट्ट बसलं की बाटली उपडी करूनही धार लागत नाही, आत वारा शिरावा लागतो, हे माझ्या हातांना ठाऊक होतं. डोक्याला नव्हतं.

आणि सोना. दसऱ्याला जन्मली म्हणून आईनं सोना नाव ठेवलं आणि येळ्ळूरला आमच्या घरी वाढवली. तिला समज आल्यावर तिनं विचारलं, माझी आई कशानं गेली? मी सांगितलं, डॉक्टरची फटफटी बंद पडली म्हणून. दर वर्षी सांगितलं. पोरीच्या कानात मी ते विष थेंब थेंब घातलं आणि मला वाटत होतं मी तिला खरं सांगतोय. तुम्ही दर दसऱ्याला संध्याकाळी येळ्ळूरला यायचात, तिला सोनं द्यायला, आपट्याची पानं. ती दाराआड. तुम्हाला ती फटफटीवाला म्हणायची, डॉक्टर कधी म्हणाली नाही. आई म्हणायची, "अगं, मोठ्या माणसाला पाणी तरी दे." तर ती तांब्या आणायची आणि कट्ट्यावर ठेवायची, तुमच्या हातात नाही. ठेवून आत. तुम्ही पानं कट्ट्यावर ठेवायचात, तो तांब्या उचलायचात आणि सगळं पाणी प्यायचात. तहान असो नसो, सगळं. मी तिथंच उभा असायचो. मला बरं वाटायचं, डॉक्टर. हे लिहिताना हात जड झालाय, पण मला बरं वाटायचं.

मधल्या काळात तुम्ही काय काय केलंत ते मी विसरलोय असं समजू नका. आईच्या विषमज्वरात एकवीस दिवस रोज येळ्ळूरला येत होतात. मला इंग्रजी लेबलं वाचायला शिकवलीत. लढाईत पेट्रोलला कुपनं आली तेव्हा तुम्ही पायी हिंडायचात आणि साठवलेल्या पेट्रोलवर मला फटफटी चालवायला शिकवलीत. "माझे गुडघे गेले तर पेशंटकडं कोण नेणार मला? तूच." मी शिकलो. चांगली चालवायचो. तुम्ही मागं बसून माझ्या खांद्याला धरायचात आणि वाटेत म्हणायचात, "यल्लाप्पा, खड्डे चुकव, शोधून काढू नको." मी हसायचो. घरी आलो की राग पुन्हा खुंटीवरून काढून अंगात घालायचो.

तुमचं शेवटचं दुखणं आठ दिवसांचं. छातीचं. तुम्हाला ठाऊक होतं, मलाही. एका सकाळी मी औषध घेऊन आलो, तर तुम्ही खूण करून जवळ बोलावलंत. म्हणालात, "यल्लाप्पा, एक ऐक. मी गेल्यावर टाकीच्या झाकणावर कुंकू लावू नकोस." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मरायला टेकलेला माणूस आणि अजून माझ्या पूजेवर डोळा. मी म्हणालो, "औषध घ्या." तुम्ही म्हणालात, "ऐकलंस का?" मी पेला तुमच्या तोंडाला लावला. आपलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत राहिला नाहीत.

दिवस झाल्यावर वयनींनी सांगितलं, फटफटी निपाणीला पोचवा. पुतण्या तिथं दवाखाना काढतोय, त्याच्या उपयोगी पडेल. मी म्हटलं, घरातून कायमची निघाली, पूजा करून पाठवू. टाकी काठोकाठ भरली. मेण आणलं. झाकणासमोर उभा राहिलो आणि तुमचे शब्द आठवले. मुद्दाम लावलं, डॉक्टर. खोटं कशाला बोलू. आता पुसायला कोण येतंय, असं म्हणून अंगठ्यानं दाबून दाबून लावलं.

काकतीच्या अलीकडंच ती खोकली. दोन आचके दिले आणि थांबली. मी उतरलो. नाडी, ठिणगी निळी. जीभ, कोरडी. झाकण उघडलं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणून मला ऐकू आलं. फुस्स करून आत वारा ओढला गेला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. नळी फुंकली, किक मारली, सुरू. मैलभरानं पुन्हा थांबली. आता ते आचके मला ओळखीचे वाटले. बारा वर्षांपूर्वी बॅग मांडीवर धरून मी तेच आचके खाल्ले होते. या खेपेला मी नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही. नुसतं झाकण उघडलं. फुस्स. झाकण लावलं, किक मारली. सुरू झाली.

इंजिन बंद केलं आणि झाकण हातात घेऊन वंटमुरीच्या घाटाखाली एका दगडावर बसलो. झाकण उलटं करून उन्हात धरलं. आतून बारीक भोक दिसत होतं, मोहरीएवढंही नाही, टाकीत वारा जायला ठेवलेलं. वरून ते कुठंच नव्हतं. वरून माझं मेण होतं आणि त्यावर कुंकू.

पिशवीच्या झडपेतून तुमची सुई काढली. मेण खरवडलं, भोकातून सुई आरपार घातली. ती बरोबर तेवढ्याच जाडीची होती. मग निपाणीपर्यंत एकदाही थांबली नाही. घाट चढली, संकेश्वर ओलांडलं, निपाणीत तंबाखूचा वास यायला लागला तरी एका सुरात चालत होती. मला मात्र रस्ता नीट दिसत नव्हता.

परत आल्यावर वयनींकडं गेलो. म्हटलं, "वयनी, डॉक्टरांना झाकणाचं ठाऊक होतं काय?" त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "दसऱ्यानंतर गाडी बैलगाडीत घालून आणली होती ना, त्या दिवशी परसात झाकण हातात घेऊन बसले होते. जेवायला हाक मारली, आले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, यल्लाप्पाला हे कधी कळता कामा नये. त्याच्या हातानं झालं असं त्याला वाटलं तर तो जगणार नाही." मी म्हटलं, "आणि तुम्ही बारा वर्षं बोलला न्हाय?" म्हणाल्या, "शपथ घातली होती हो."

आता माझं भांडण ऐका. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी जगलो असतो की मेलो असतो, ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही खोटं न बोलणारे म्हणून मिरवायचात, आणि आयुष्यात एकच खोटं बोललात, 'कचरा होता', तेही माझ्याशी. बारा वर्षं मला चुकीच्या माणसावर दात धरू दिलेत. चारचौघांत मी तुम्हाला खुनी म्हटलं, तरी तुम्ही, खरं आहे, म्हणालात. असं कुणी करतं काय? एकदा, एकदाच मला परसात बोलावून झाकण हातात दिलं असतंत, तर मी दोन वर्षं रडलो असतो आणि दहा वर्षं तुमच्या पाया पडलो असतो. तेवढं तरी मला करू द्यायचं होतं.

हे सगळं म्हणतो आणि मग आठवतं, त्या वेळी मी कसा होतो. रोज विहिरीच्या काठावर जाऊन बसायचो. आई मागून येऊन बखोटीला धरून न्यायची. तुम्ही ते बघितलं होतंत. तुमची तपासणी चुकली नव्हती, डॉक्टर. तुम्ही पेशंटला बघून औषध दिलंत, आणि कडू भाग स्वतः प्यालात. माझे हात तुमच्या पायांपर्यंत आता पोचत नाहीत, याचंच मला लई दुःख आहे.

काल येळ्ळूरला गेलो. सोना बारा वर्षांची झाली, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते. आईला आणि तिला दोघींना समोर बसवून मी सांगितलं. मेणाचं, कुंकवाचं, भोकाचं, सगळं. आई डोळ्याला पदर लावून बसली. सोना ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "मामा, डॉक्टर आजोबास्नी हे ठाऊक हुतं?"

आजोबा म्हणाली, डॉक्टर. ऐकायला तुम्ही हवे होतात.

मी म्हणालो, "व्हय."

"आणि तरी दर दसऱ्याला येत हुते?"

"व्हय."

ती उठली आणि आत गेली. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो, तुम्ही बसायचात तिथंच. ऊन उतरत आलं तरी ती बाहेर आली नाही. आईनं दोनदा हाक मारली. मग मी म्हटलं, "सोने, पाणी देतीस काय?" बऱ्याच वेळानं आली. माझ्याकडं बघितलं नाही. तांब्या कट्ट्यावर ठेवला, माझ्या हातात नाही, आणि आत गेली.

मी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यालो.